वाढत्या अंगाचा स्वेटर

माझ्या सासरचं आणि माहेरचं फार थोड्या गोष्टींवर एकमत आहे. सासरी आमटीत गुळाचा खडा पडतो. माहेरी आमटीत गूळ म्हटलं तर घरात कोणी आजारी आहे का, असं विचारतात. सासर नाशिकचं, इंदिरानगरमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. माहेर सिन्नरच्या पुढचं, एसटीतून उतरून जीपमध्ये कोंबून घेऊन जावं लागतं असं गाव. पण एक नियम दोन्ही घरांत सारखाच निघाला. बाळ जन्माला यायच्या आधी बाळाचं काही करायचं नाही. झबलं शिवायचं नाही, टोपडं विणायचं नाही, पाळण्याचा तर विषयच काढायचा नाही. का, ते कोणी सांगत नाही. विचारलं की दोन्हीकडच्या बाया सारखंच तोंड करतात आणि दुसरं बोलू लागतात.

मला दिवस गेले तेव्हा हा नियम मला दोनदा सांगण्यात आला. एकदा सासूबाईंनी चहा गाळता गाळता, आणि एकदा आईनं फोनवर. मी घरातली पहिली पदवीधर, तीही रसायनशास्त्राची. औषधांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करते. तरी मी दोघींनाही 'बरं' म्हटलं. ज्यांनी शिकवलं त्यांच्यापुढे शिक्षण काढू नये, एवढं त्या शिक्षणानं मला शिकवलंय.

नियम सांगून झाल्यावर दोघींनीही तो मोडायला घेतला.

आधी सासूबाईंचं सांगते. त्या विणकामाचा क्लास घेतात. दुपारी आमच्या हॉलमध्ये कॉलनीतल्या सात-आठ बाया सुया घेऊन बसतात, आणि टाक्यांपेक्षा जास्त सुनांची मोजदाद करतात. सासूबाईंचा हात इतका सारखा चालतो की त्यांचं विणलेलं उलटं धरलं काय, सुलटं धरलं काय, लवकर कळत नाही. चौथ्या महिन्यात एके दिवशी मी दुपारी लवकर घरी आले, तर त्या खिडकीशी बसून अंगठ्याएवढे मोजे विणत होत्या.

"मम्मी, हे कोणाचे?" मी विचारलं.

"ऑर्डर आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कॉलेज रोडच्या एका बाईंची. नातू झालाय त्यांना."

त्यानंतर त्या कॉलेज रोडच्या बाईंची मागणी काही थांबेना. मोजे झाले, टोपडं झालं, मग तीन रंगांतले कोट झाले, मग पांघरूण. त्या नातवाला हे सगळं एका वेळी घातलं असतं तर भर हिवाळ्यात त्याला घाम फुटला असता. मी एकदा विचारलं की त्या बाई न्यायला कधी येणार. सासूबाई म्हणाल्या, "येतील. घाई नाहीये त्यांना."

आईचं वेगळं होतं. आईला विणता येत नव्हतं.

तिचा एक दिवस फोन आला. आधी कांद्याचं झालं, मग म्हशीचं झालं, मग माझ्या पायाच्या सुजेचं झालं, आणि शेवटी ती म्हणाली, "ते सुयांचं विणायचं तुझ्या सासूला येतं ना. तू शीक आन मला शिकव."

"कशाला?"

"बाळंतविड्याला."

बाळंतविडा म्हणजे बाळंतिणीच्या माहेरानं बाळाला द्यायचे कपडे: कुंची, झबली, दुपटी, टोपडी. आमच्याकडे बारशाच्या दिवशी ते सगळ्या बायकांसमोर चटईवर मांडतात आणि बाया एकेक वस्तू उचलून पाहतात. माझ्या स्वतःच्या बारशाला आईच्या माहेराहून नुसतं एक वार कापड आलं होतं, न शिवलेलं. माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या सासूनं, ते कापड उचलून सगळ्यांना विचारलं होतं, "हे बाळाला घालायचं का बाळाला त्यात बांधायचं?" बायका हसल्या होत्या. आईनं ही गोष्ट मला मी कॉलेजात गेल्यावर सांगितली, तीही भाकरी थापताना, जणू दुसऱ्याच कोणाची असावी तशी. माझ्या बाळाच्या बारशात, नाशिकची विहीण समोर बसलेली असताना, चटईवर स्वतःच्या हातानं विणलेलं काहीतरी ठेवायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. विकतचं नको होतं. विहिणीला विणता येतं म्हणून तिलाही विणायचंच होतं.

मग मी सासूबाईंना म्हटलं, "मम्मी, डॉक्टरांनी पाय वर करून बसायला सांगितलंय. रिकामं बसवत नाही. मला शिकवा ना विणायला."

सासूबाई खूश झाल्या. सकाळी त्या मला शिकवायच्या आणि संध्याकाळी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मी गच्चीवर जाऊन, फोन टाकीला टेकवून, तेच आईला शिकवायचे. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणं, बंद करणं. माझे कपडे त्या काळात फार वाळत घातले गेले. आई तिकडे ओसरीवर बसायची, फोन धान्याच्या डब्यावर ठेवायची, आणि पंधरा मिनिटांतली दहा मिनिटं मला फक्त छपराचे वासे दिसायचे.

आईला काही अडलं की ते मी दुसऱ्या दिवशी माझी शंका म्हणून विचारायचे.

"मम्मी, टाका सुटून चार ओळी खाली गेला तर काय करायचं?"

"तुझा कुठे सुटलाय? तुझं तर नीट आहे."

"पुढे सुटला तर."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पुढची फार काळजी असते तुला."

दोन आठवडे गेले आणि मला आईच्या विणण्यात काहीतरी खटकू लागलं. ती उजव्या हातानं विळा चालवते, उजव्या हातानं भाकरी थापते. पण सुई मात्र डाव्या हातानं चालवत होती. मग लक्षात आलं. मी समोर बसून दाखवायचे, आणि ती आरशात बघावं तसं बघून करायची. माझा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला दिसायचा, म्हणून तिनं डावा चालवला. मी म्हटलं, आई, हात बदल.

"आता नाय व्हायचं," ती म्हणाली. "वळण पडलं. तुझ्या बापाला मी उशिरा सुधरायला गेले, तवाबी असंच झालं."

मागून वडिलांचा खोकला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना विचारलं, "मम्मी, समजा एखादी डाव्या हातानं विणत असेल, तर काठाची मुरड कशी घालायची?"

ही मुरड सासूबाईंची खास. स्वेटरच्या खालच्या काठाला टाके एकमेकांवरून असे वळवायचे की करंजीच्या कडेसारखी नक्षी उठते. क्लासमधल्या बायकांनाही त्या ती दुसऱ्या वर्षी शिकवतात. त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि मला विचारलं, "कोण विणतंय डाव्या हातानं?"

"आमच्या लॅबमधली एक आहे."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि मला मुरड शिकवली. नेहमीपेक्षा हळू शिकवली, आणि दोनदा.

आईनं सराव म्हणून एक पट्टी विणायला घेतली होती. सिन्नरच्या बाजारातली स्वस्त लोकर, दोन वीत रुंद. थांबायचं कुठं हे मी सांगायचं विसरले आणि तिनं विचारलं नाही. ती पट्टी इतकी वाढली की वडिलांनी ती मफलर म्हणून गळ्याला तीन वेढे मारून घेतली, तरी उरली, म्हणून उरलेली छातीवर बांधली. पहाटे कांद्याला पाणी भरायला ते असे निघाले की लांबून बँडेज बांधलेला माणूस चाललाय असं वाटायचं. पण ती त्यांनी सोडली नाही. अजून वापरतात.

सातव्यात डोहाळजेवण झालं आणि मी बाळंतपणासाठी माहेरी निघाले. निघताना सासूबाईंनी माझ्या पिशवीत पांढऱ्या लोकरीच्या लड्या ठेवल्या.

"ही खरी लोकर आहे, मेंढीची. बाजारातल्यासारखी प्लास्टिकची नाही," त्या म्हणाल्या. "तिकडे तुझा वेळ जाईल."

"एवढी, मम्मी?"

"वेळही बराच असेल ना तिकडे," त्या म्हणाल्या.

मी भाबडेपणानं ती लोकर घेऊन गेले. आईनं लड्या हातात घेतल्या, गालाला लावल्या, आणि सरळ मुद्द्यावर आली. "आता नियमाचं काय करायचं?"

बाळ यायच्या आधी बाळाचं विणायचं नाही, आणि बाळ आल्यावर बारशापर्यंतच्या बारा दिवसांत आईच्या डाव्या हातानं अर्धी बाहीसुद्धा व्हायची नाही. आईनं कुंपणापलीकडे पाहिलं. तिकडे शेजारची मुलगी शेळीला पाला घालत होती, पाचेक वर्षांची, नाकात बोट, अंगात दोन फ्रॉक एकावर एक. आईनं तिला हाक मारली.

"ये इकडं. तुला स्वेटर विणायचाय."

मुलगी पाल्यासकट आली. आईनं तिची पाठ वितीनं मोजली, बाहीला सुतळी लावली आणि गाठ मारून ठेवली. मुलगी गेल्यावर मी म्हटलं, "आई, हे काय?"

"तिचं माप घेतलं. म्हणजे बाळाचा नाय झाला. मोडला का नियम?"

"नाही. पण मग तो बाळाला कसा होईल? बाळ एवढंसं असतं."

"तू बी एवढीशीच होतीस. मोठी झालीसच ना? वाढत्या अंगाचा म्हणायचा."

माझंही सगळं बालपण वाढत्या अंगाच्या कपड्यांत गेलं. पाचवीत मला शाळेचा मरून स्वेटर घेतला तेव्हा त्याच्या बाह्या मला चार घड्या घालून दुमडाव्या लागायच्या आणि गुडघे झाकले जायचे. वर्गात मला पोतं म्हणायचे. दरवर्षी एक घडी उलगडायची. दहावीच्या परीक्षेला तोच स्वेटर घालून गेले तेव्हा मनगटं उघडी होती आणि पर्यवेक्षिकेनं मला थंडी वाजते का म्हणून विचारलं. नवा स्वेटर दरवर्षी घेतला असता तर त्या वर्षी कॉलेजची फी निघाली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं. पोतं म्हणणाऱ्यांना मी कधी उत्तर दिलं नाही. माझ्यासाठी कोणीतरी पाच वर्षं पुढचं बघून ठेवलंय, हे त्यांना कुठं सांगत बसणार.

तर स्वेटर शेजारच्या मुलीचा, असं ठरलं. आता रंगाचा प्रश्न आला. पांढरीशुभ्र मऊ लोकर ओसरीवर दिसली की गल्लीतली कोणीही बाई ओळखणार की हे तान्ह्या बाळाचं आहे. म्हणून लोकर रंगवायची. आणि रंग विकत आणायची गरज नव्हती, कारण आमच्या कांदाचाळीत कांदा निवडायचं काम चालू होतं आणि पाखडल्यासारखी टरफलं उडत होती. आईच्या पदराला, माझ्या केसांना, चहाच्या कपात, सगळीकडे टरफलं.

आधी आम्ही वडिलांच्या मफलरचं एक टोक टरफलांच्या उकळत्या पाण्यात बुडवून पाहिलं. मफलर वडिलांच्या गळ्यातच होता, त्यांना चुलीजवळ वाकून बसावं लागलं. टोक जसं गेलं तसं बाहेर आलं.

"बाजारातली लोकर," आई म्हणाली. "आपलं पाणी लागत नाय तिला."

मी सांगितलं की ती खरी लोकर नाही म्हणून, आणि मेंढीच्या लोकरीला आधी तुरटीच्या पाण्यात ठेवलं की रंग धरून बसतो. तुरटीचा कण एका बाजूनं धाग्याला धरतो आणि दुसऱ्या बाजूनं रंगाला, असं मी बोटं अडकवून दाखवलं. आई लक्षपूर्वक ऐकत होती.

"म्हणजे मध्यस्थ," ती म्हणाली. "लग्न जुळवणारा."

"तसंच."

"एवढ्यासाठी तीन वर्षं नाशकाला ठेवली तुला," ती वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, पण तुरटी आणायला लगेच उठली.

पहिल्या लड्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रंगवल्या. पाण्यातून काढल्या तेव्हा त्या मधाच्या रंगाच्या होत्या, उन्हात धरल्या की आतून उजेड आल्यासारख्या. आईनं त्या दोरीवर टाकल्या आणि दिवसभर दर थोड्या वेळानं काही ना काही निमित्त काढून दोरीखालून गेली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या लड्या रंगवायच्या होत्या, तर पातेलं कोणाच्या तरी जेवणावळीला गेलेलं. आई थांबणारी नव्हती. तिनं लोखंडी कढई चुलीवर चढवली. मी तेव्हा झोपले होते. उठले तेव्हा कढईत शेवाळ उकळत होतं.

"टरफलं तीच, तुरटी तीच," आई कढईकडे संशयानं बघत म्हणाली.

"लोखंडानं रंग बदलतो, आई."

"मग कालच सांगायचं ना. मध्यस्थाचं तेवढं सांगितलंस."

दुसरी लोकर नव्हती. पाठ आणि पोट मधाचं, आणि बाह्या हिरवट काळ्या, असं करावं लागलं. शेजारची मुलगी मात्र खूश होती. "बाह्या मिरचीच्या हायत," ती म्हणाली. ती आता रोज यायची. अंगणवाडीतून आली की दप्तर कुंपणावर टाकायची आणि विचारायची, "आजी, माझा स्वेटर कुठवर आला?"

"पोटापर्यंत."

"उद्या?"

"उद्याबी पोटापर्यंतच. तुझं पोट काय एका दिवसात संपतंय?"

मग आई तिच्या पाठीला विणकाम लावून बघायची. गल्लीतल्या बायका विचारायच्या की कोणाचं चाललंय. आई म्हणायची, "हिचं." मुलगी मान डोलवायची. मी एकदा आईला हळूच म्हटलं की तू हे रोज इतक्या जणांना सांगतेस, ते शेवटी खरं होईल. आई म्हणाली, "पोरगीच ती. बोर दिलं की विसरंल."

ती विसरणारी नव्हती, हे मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

मला मुलगी झाली. दवाखाना नाशिकला, पण बारसं आईच्या अंगणात. पौषाची थंडी होती. सासूबाई, माझा नवरा आणि नणंद गाडी करून आले. सासूबाईंच्या हातात एवढी मोठी पिशवी होती की ती आधी गाडीतून उतरली आणि त्या नंतर.

"त्या कॉलेज रोडच्या बाईंनी ऑर्डर रद्द केली," त्या खाली बसता बसता म्हणाल्या. "मग म्हटलं, वाया कशाला घालवायचं."

आणि त्यांनी एकेक वस्तू काढली. मोजे, टोपडी, तीन कोट, पांघरूण, सगळ्यांना तीच मुरड. एकीनं मोजा बोटावर चढवून बघितला. माझा नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

मग आईनं तिची चटई मांडली. खणाची कुंची, चार दुपटी, मऊ जुन्या लुगड्यांची लंगोटं, आणि मधोमध तो स्वेटर. इतर वस्तूंमध्ये तो असा दिसत होता जसा बाहुल्यांमध्ये कोणी गावचा पाटील बसावा.

"बाळ सापडंल का ह्यात?" एक चुलती म्हणाली.

"वाढत्या अंगाचा हाय," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, पण पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती.

सासूबाईंनी स्वेटर उचलला. पाठ बघितली, बाह्या बघितल्या, नाकाशी नेऊन वास घेतला. मग खालचा काठ अंगठ्याखालून सरकवत गेल्या आणि थांबल्या.

"ही मुरड कुठे शिकलात, विहीणबाई?"

"आमच्याकडं घालतात की अशी."

"ही उलट्या अंगानं वळलीय."

"आमच्याकडं उलटीच घालतात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाळण्याला बांधलेल्या झेंडूच्या माळेतली फुलं नीट करत होते. ती नीटच होती.

तेवढ्यात बायकांच्या पायांमधून वाट काढत शेजारची मुलगी पुढे आली आणि तिनं स्वेटरच्या बाहीला धरलं.

"हा माझा हाय," ती म्हणाली.

बायका हसल्या. मुलगी हसली नाही. "आजीनं माझं माप घेतलं. सुतळीला गाठ मारलीय. सगळ्यांला विचारा."

आणि सगळ्या खरंच आठवू लागल्या. "व्हय गं, मला बी म्हणली होती, हिचाच हाय म्हणून." "मला तर दोनदा म्हणली." माझ्या आईला मी दुष्काळात पाहिलंय, वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी पाहिलंय, पण अशी कोंडीत सापडलेली कधी पाहिली नव्हती. स्वेटर बाळासाठी विणला म्हणावं तर बाळ यायच्या आधी विणला हे विहिणीसमोर, भर बारशात कबूल केल्यासारखं. मुलीचा म्हणावं तर तो चटईवरून उचलायचा, आणि मधोमध रिकामी जागा राहायची. माझं बारसं तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार, ते एक वार कापड आणि ते हसणं.

सासूबाईंच्या मागे त्यांची पिशवी होती. तीही काही बारा दिवसांत भरलेली नव्हती. त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि स्वेटर मुलीसमोर धरला.

"घाल बघू," त्या म्हणाल्या.

मुलीनं तो डोक्यातून घातला. बाह्या बोटांपर्यंत आल्या, काठ गुडघ्यांपर्यंत. चांगला मोठाच होता तिलाही.

"तान्ह्या बाळाला पहिल्यांदा नवा कपडा घालत नाहीत," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "एखाद्या धडधाकट पोराच्या अंगावरचा घालतात. तुमच्यात नाही का ही रीत?"

"हाय की," आई म्हणाली. ती फार भराभर म्हणाली.

"मग विहीणबाईंनी हिला घालायलाच विणला असणार. हिच्या अंगावर मुरायला. मुरला की बाळाला."

बायकांना ते पटलं. रीत सगळ्यांना ठाऊकच होती, आणि रीत सापडल्यावर कोणी तारखा विचारत नाही. मुलगी मात्र दोन्ही हात बाह्यांत लपवून उभी होती.

"मुरायला किती दिवस लागत्यात?" तिनं विचारलं.

"बाह्या तुझ्या मनगटाच्या वर जाईपर्यंत."

मुलीनं बाह्या झटकून बघितल्या. मनगट फार लांब होतं. तिला हिशेब पटला. "आन आज?"

"आज नाव ठेवेपर्यंत फक्त पाळण्यात."

तिनं स्वेटर काढला, स्वतः पाळण्यात अंथरला, बाह्या दोन्ही बाजूंना सरळ केल्या, आणि माझ्या मुलीला त्यावर निजवलं तेव्हा ती पाळण्याची दोरी धरून तिथेच उभी राहिली. नणंदेनं कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. माझी मुलगी कांद्याच्या मधाळ रंगावर, दोन मिरचीच्या बाह्यांच्या मधोमध, झोपून राहिली. आई माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या बोटाभोवतीचा पदर सुटला होता. नाव ठेवून झाल्याबरोबर शेजारच्या मुलीनं हात पुढे केला.

तो हिवाळा आणि पुढचे हिवाळे स्वेटर तिच्या अंगावर होता. मी माहेरी गेले की ती शेळ्यांच्या मागून, कधी बोरीच्या झाडावरून, त्या स्वेटरसकट उतरायची आणि मला न विचारता मनगट दाखवायची. "अजून हाय," म्हणायची. मधाचा रंग उन्हानं उतरत सायीसारखा झाला. बाह्यांना काही झालं नाही, लोखंडाचा रंग तो. एका दिवाळीला आईनं तो धुऊन, घडी करून, माझ्या हातात दिला. बाह्या वर गेल्या होत्या. सासूबाईंनी एका कोपराला पडलेलं भोक घरी भरून काढलं, आणि ते भरताना त्यांनी चक्क डावा हात चालवला. म्हणाल्या, नाहीतर ठिगळ दिसतं.

सासूबाईंनी केलेले कोट केव्हाच आखूड होऊन कोणाकोणाला गेले. आईचा स्वेटर माझी मुलगी आता घालते. शाळेत तिला कोणी काही म्हणतं का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "त्याला कांदा भज्यांचा वास येतो, म्हणून सगळे माझ्या शेजारी बसतात."

गेल्या थंडीत आई इंदिरानगरला आली तेव्हा शेजारच्या मुलीलाही बरोबर घेऊन आली. ती आता उंच झालीय, दोन वेण्या घालते. घरात आल्या आल्या तिनं माझ्या मुलीला उभं केलं, बाही ओढून बघितली, काठाची मुरड तपासली. "दोन वरीस जातील अजून," ती म्हणाली. "मग धुऊन ठेव, आत्या. माझाच हाय तो." दुपारी क्लासच्या बायका आल्या तेव्हा ती त्यांच्यात जाऊन बसली आणि पिशवीतून सुया काढल्या. माझ्या आईनं शिकवलेलं, म्हणून डाव्या हातानं. विणकाम मुठीएवढं होतं, फिक्या कांद्याच्या रंगाचं, एका बाजूला मुरड.

तिच्या आईला पाचवा महिना होता, हे आईनं मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं. सासूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं.

"हे कोणाचं गं?" सासूबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

मुलीनं मान वर केली नाही.

"ऑर्डर हाय," ती म्हणाली.